उद्घाटनाचा हंडा

ऋजुता खांबेकरने पाण्यातून तपासणीची पट्टी बाहेर काढली. पाणी निर्धोक असतं तर ती हिरवी व्हायला हवी होती, पिवळीच राहिली. सलग अठरावा आठवडा. पट्टी चुरगाळून फेकून द्यावी असं तिला वाटलं, पण समोर शेवंताबाई वडघुले उभ्या होत्या, म्हणून तिने ती मुकाट्याने डबीत ठेवली.

सावरदरे हे द्राक्षबागांचं गाव. वर्षानुवर्षं फवारलेली औषधं इथल्या विहिरींत उतरली होती. त्यावर ऋजुताच्या संस्थेने विषनाशक विकराची पुरचुंडी काढली होती. विकर म्हणजे रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. मातीतल्या एका जिवाणूकडून घेतलेलं हे विकर कीटकनाशकाचे तुकडे करायचं. पिण्याच्या पाण्यात पुरचुंडी सोडायची, सहा तास थांबायचं, इतकं सोपं काम.

शेवंताबाईंच्या अंगातलंही एक विकर या विषाने बाद केलं होतं. नसांचे निरोप वेळेवर थांबवणं हे त्याचं काम. ते कमी पडल्यामुळे त्यांचे हात थरथरत. द्राक्षांचे घड विरळण्यात, जादा मणी कातरून काढण्यात, एकेकाळी सगळ्या टोळीत त्या पहिल्या होत्या. आता कात्री नको त्या मण्याला लागायची. नोव्हेंबरात हात स्थिर असतील तरच या, असं मुकादमाने बजावलं होतं, आणि सप्टेंबर निम्मा सरला होता.

पुरचुंडीतल्या विकराचे लाड तरी किती! ऊन लागलं की त्याची घडी विस्कटते, गारठ्यात ते सुस्तावतं, पाणी आंबट झालं की रुसतं, विष जास्त झालं की पुरं पडत नाही. ऋजुताचं हे सगळं तपासून झालं होतं. याच विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात सहा तासांत निर्धोक व्हायचं. गावात मात्र माळावरच्या वस्तीतली नऊ घरं सोडली, तर सगळीकडे पिवळी पट्टी. बायका नीट वापरत नसतील, तसं अहवालात लिहून टाक, असं पुण्याहून संस्थेचे प्रमुख देवस्थळी सरांनी फोनवर सांगितलं होतं. वैतागलेल्या ऋजुताने कालच तसं लिहून पाठवलं होतं. खरं तर तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

आजही तिने शेवंताबाईंची उलटतपासणी घेतली. पुरचुंडी उन्हात ठेवता का, साबणाने धुता का, पाणी गरम असतं का. सगळ्याला नाही म्हटल्यावर तिचा तोल सुटला आणि माळावरच्या बायका सांगितलेलं ऐकतात तरी, असं ती बोलून गेली.

शेवंताबाई भडकल्या. "त्या शहाण्या आणि आम्ही येड्या? ताई, तुमची पुरचुंडी मी पोरावानी जपते. घरातल्या सगळ्यात चांगल्या भांड्यात ठेवते. त्यांच्याकडं काय आहे? प्लास्टिकची बादली. उद्घाटनाला हंडे कमी पडले, त्यांना तर तेबी मिळाले नाहीत."

ऋजुता हंड्याकडे बघतच राहिली. तांब्याचा, चिंच लावून लखलखीत घासलेला, पोटावर संस्थेचं नाव कोरलेला. तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून पुरचुंडी योजनेच्या उद्घाटनाला संस्थेनेच तो हौसेने वाटला होता. मंचावर बसून तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

तिने स्टीलच्या पातेल्यात विहिरीचं ताजं पाणी घेतलं, त्यात नवी पुरचुंडी सोडली आणि ती ओट्यावर बसून राहिली. सहा तासांनी, चार वाजता, पट्टी हिरवीगार झाली.

तांब्याचे बारीक कण पाण्यात उतरतात आणि विकराच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन बसतात, कुलपात काडी अडकावी तसे, असं तिने समजावलं.

"मंग माझे हात?" शेवंताबाईंनी विचारलं.

बाद झालेलं विकर सहसा दुरुस्त होत नाही, शरीराला नवं घडवावं लागतं, असं ऋजुता म्हणाली. विष पूर्ण थांबलं तर रक्तात ते भरून यायला चारेक महिने लागतील. हात त्यानंतर तरी पहिल्यासारखे होतील का, हे तिला सांगता येईना.

शेवंताबाईंनी थरथरत्या बोटांवर महिने मोजले. "म्हणजे जानेवारी. तवर विरळणी आटपलेली असंल." मग त्या म्हणाल्या, "उद्घाटनालाबी चारच महिने झाले ना?"

हो म्हणत ऋजुताने हिरवी पट्टी डबीत ठेवली.

"हे हंडे अजून कुठं वाटले?"

चाळीस गावांत. ऋजुताने सरांना फोन लावला. हंड्यांवर देणगीदारांची नावं आहेत, घाई करू नकोस, पुढच्या महिन्यात बैठक घेऊन ठरवू, असं ते म्हणाले. तिने फोन ठेवला आणि गावांची यादी उघडली. प्रत्येक गावापुढे एका बाईचा नंबर होता. पहिल्या नंबरावर तिचं बोट थांबलं. हंडे वापरू नका असं कळवण्याआधी सरांची लेखी परवानगी घ्यावी का, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

शेवंताबाई हंडा कलंडवून पाणी मोरीत ओतत होत्या. वळून न बघताच त्या म्हणाल्या, "ताई, हे पाणी तुमच्या घरातली माणसं पीत असती, तर कुणाला विचारत बसला असता का?"