दुसरा पाट

विरजण संपलं म्हणून चिमणाबाई वाटी घेऊन शेजारच्या बिबीजानकडं गेली, एवढंच निमित्त. विरजण मिळालं, पण पाय काही उंबऱ्यावरून हलेना. दिवस कलला होता. नवऱ्याची यायची वेळ झाली होती, आणि तो आला की सोप्याचं, बाहेरच्या खोलीचं, दार आतून लागणार होतं.

"बस की जरा," बिबीजान म्हणाली. तिचा मीरासाब सरकारी पागेत घोड्यांना नाल ठोकायचा, आणि चिमणाबाईचा आकाराम त्याच पागेत खोगिरं शिवायचा. जुन्या बुधवारातली ही दोन घरं भिंतीला भिंत लागून होती. एका घरात फोडणी दिली की दुसऱ्या घरात शिंक यायची.

"भाबी, हे घरात बसून पित्यात," चिमणाबाई खाली बघत म्हणाली. "एकटंच."

"आन् आत्याबाई काय म्हणत्यात?"

सासू काय म्हणते, हे ऐकण्यासारखं होतं. धोंडुबाईनं सुनेची तक्रार पुरती ऐकूनसुद्धा घेतली नव्हती. "गटारात पडला का? तुज्यावर हात उगारला का? रोज कामावर जातोय न्हवं? मग घरात बसून गुमान घोटभर घेतोय, ते तुज्या डोळ्यात सलतंय व्हय?" भावकीतले चार शहाणेही तेच बोलले. माणूस रस्त्यावर लोळला, की तो दारुडा. घरात दार लावून लोळला, तर तो सज्जन. असलं माप कुणी काढलं देव जाणे, पण ज्यानं काढलं त्याला एक दिवस चिमणाबाईच्या माजघरात आणून बसवायला हवं होतं.

हाच आकाराम पूर्वी कामावरून आला की सोप्यातच घोड्यांच्या नकला करायचा. कुठलं जनावर खोगीर चढवताना पोट फुगवून धरतं, कुठलं लाडावलेलं आहे, सगळं सांगायचा. चिमणाबाई हसून हसून भाकरी करपवायची. रोज सकाळी उंबऱ्यातून मागं वळून "येतो गं" म्हणायचा आणि तिनं मान हलवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचा नाही. निघताना "जातो" म्हणू नये, हे तर आपल्यात पोरंबाळंही जाणतात. आता तो सकाळी निघायचा तेव्हा तोंडातून शब्द फुटत नसे. डोळे तांबारलेले असत. संध्याकाळी आला, की काखेतली शिशी घेऊन सोप्यात शिरायचा.

याचं मूळ प्लेगच्या सालात होतं. महाराजांच्या राज्यात ती साथ आली तेव्हा निम्मं कोल्हापूर गावाबाहेर झोपड्या घालून राहिलं. आकारामचा जिवाचा दोस्त सयाजी तिथंच गेला. दोघं एकाच खोगिराला दोन बाजूंनी बसून टाके घालायचे, इतकी त्यांची जोडी. सयाजीला मागंपुढं कुणी नव्हतं. त्याच्या झोपडीतून "पाणी... पाणी..." अशी हाक दिवसभर येत होती, आणि भावकीनं आकारामला दोन्ही दंड धरून अडवून ठेवलं. संध्याकाळी हाक थांबली. त्यानंतर आकाराम प्यायला लागला.

खरं तर सयाजी दारूला कधी शिवला नव्हता. दसऱ्याला पागेतली मंडळी आकारामकडं प्यायला बसली, की हा तांब्या उचलून पाणी वरून घशात ओतायचा, रिकामा तांब्या पालथा घालायचा आणि म्हणायचा, "झाली माजी." सगळे खो खो हसायचे. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा, अदबीनं म्हणायचा, "येतो, वैनी."

"मला एक सांग," बिबीजान म्हणाली. "किती पितो, ते सोड. कुटं बसून पितो, ते बी सोड. एक दिवस न्हाई प्याला तर काय होतंय?"

चिमणाबाईनं वाटी उचलली. तसा दिवस उजाडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला विनवलं. "आजच्या दिस नगो. माज्यासाठनं." तो हसला. "त्यात काय मोटं? आज न्हाई घेत." खरंच मोकळ्या हातानं घरी आला. पण दिवेलागण होते न होते तोच त्याला दरदरून घाम फुटला. हातातली दाभणाची दोरी नेढ्यात जाईना. ज्या बोटांनी महाराजांच्या खडखडा गाडीच्या घोड्यांचं सामान शिवलं, ती बोटं झाडाच्या पानासारखी थरथरत होती. शेवटी धोंडुबाईच उठली, फडताळातून शिशी काढली आणि लेकाच्या पुढ्यात ठेवली.

"घे रं बाबा," ती म्हणाली, आणि सुनेकडं वळून, "बगितलंस? न्हाई मिळाली म्हणून आजारी पडलाय माजा ल्योक. औशदच हाय त्येला ते."

चिमणाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. डोळ्यांदेखत माणूस बुडतोय, आणि आई म्हणते, पाणी मानवतंय त्याला.

तो शिशी घेऊन सोप्यात शिरला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिनं सोप्याच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत कंदील होता. चामड्याचा वास आणि आंबलेल्या गुळाचा वास एकमेकांत मिसळून फटीतून बाहेर येत होता. आकाराम पाटावर बसला होता. आणि त्याच्यासमोर दुसरा पाट मांडला होता. त्या पाटापुढं दुसरा पेला होता, शेजारी पाण्याचा तांब्या. कुणी पाहुणा यायचा असावा, तसं सगळं मांडलेलं.

आकारामनं पेल्यात बोट बुडवलं आणि थेंब शिंपडले. पिणारे सगळेच शिंपडतात. चिमणाबाईचा बाप वडगावला सणासुदीला घ्यायचा, तोही शिंपडायचा आणि म्हणायचा, "घे आन् जा." न दिसणाऱ्यांचा वाटा त्यांना द्यायचा आणि त्यांना वाटेला लावायचं, अशी ती रीत. जा म्हटल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही.

आकाराम म्हणाला, "घे, दोस्ता. आन् बस."

चिमणाबाई फटीला आणखी चिकटली. तेवढ्यात आतून आकारामचा आवाज आला, अगदी गप्पांतला. "लोक म्हणत्यात, एकटा पितो. मी कुटं एकटा पितोय? तू हाईस की."

मग त्यानं आपला पेला संपवला, आणि समोरच्या पाटापुढचा दुसरा पेलाही उचलून घशाखाली घातला. पुन्हा दोन्ही भरले. बराच वेळ हे चाललं. सोबत आहे असं दाखवायला दुसरा पेला मांडायचा, आणि पाहुण्याच्या नावावर तोही आपणच ढोसायचा. चिमणाबाईला रडू यायच्या ऐवजी संताप आला.

सकाळी ती सोपा झाडायला गेली. दोन्ही पेले आडवे पडले होते. दुसऱ्या पाटापुढचा तांब्या मात्र नीट पालथा घातलेला होता. तिनं उचलला. आत थेंब नव्हता. खाली जमीन कोरडी होती. तिनं रात्रभर फटीला डोळा लावला नव्हता, हे खरं. पण जेवढं बघितलं, त्यात आकारामनं पाण्याला हातही लावला नव्हता.

तिनं तांब्या सासूला दाखवला. धोंडुबाईनं तोंड फिरवलं. "तांब्या पालथा पडला, तर त्येचंबी खापर माज्या ल्येकावर फोड."

त्या दिवशी चिमणाबाईनं ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. मेलेला माणूस येऊन आपल्या जित्या नवऱ्याला पाजतोय. त्याला आज बाहेर काढायचा.

दिवेलागणीला आकाराम सोप्यात शिरला. तो कडी घालायच्या आत ती पाठोपाठ आत गेली, तिनंच कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आकारामनं वर बघितलं. त्यानं दोन पाट मांडले, दोन पेले भरले, बोट बुडवलं.

"बस, दोस्ता."

दुसरा पाट करकरला. माणूस टेकला की लाकूड करकरतं, तसा. कंदिलाची वात खाली गेली. चामड्याच्या वासात आणखी एक वास आला, कोरड्या गवताचा, उन्हात तापलेल्या झोपडीचा. तांब्यातल्या पाण्यावर एक बारीक लाट उठली... आणि पाणी खाली खाली जाऊ लागलं. घोटाघोटानं. आवाज येत होता.

चिमणाबाईचा हात मागं कडीकडं गेला. पण दुसऱ्याच क्षणी तिचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडं गेलं. तो हसत होता. कित्येक महिन्यांत तो तिच्याकडं बघून असा हसला नव्हता. तिची भीती जळून गेली.

आता नाव घेऊन बजावायला हवं होतं. पण तिन्हीसांजेला मेलेल्याचं नाव घेऊ नये, आणि नवऱ्याचं नाव तर तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलंच नव्हतं. दोघांपैकी एकाचंही नाव तिच्या जिभेवर येईना. म्हणून ती दोन्ही पाटांकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाली,

"ज्येला प्यायची आसंल, त्येनं हितनं उटावं आन् जावं. माज्या घरात न पिणारा तेवडा ऱ्हाईल."

वात फडफडली. मग उठल्याचा आवाज आला. पाट मोकळा झाला की वाजतो, तसा. तिच्या पाठीमागची कडी आपोआप सरकली, दार तिला बाजूला सारत उघडलं, आणि तिच्या खांद्याला चाटून गुळाच्या दारूचा भपकारा बाहेर गेला. उंबऱ्यात तो क्षणभर थांबला.

"येतो गं," कुणीतरी म्हणालं.

गेलं एकदाचं, असं वाटून तिनं मान हलवली. अगदी सवयीनं. ती मटकन खाली बसली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, हे तिला त्या घटकेला कळलं; कुणाचा, ते कळायला थोडा वेळ लागला.

आकाराम आपल्या पाटावर तसाच बसलेला होता. हात थरथरत नव्हते. डोळे निवळले होते. त्यानं भरलेला पेला दूर सारला, तांब्या उचलला, उरलेलं पाणी वरून घशात ओतलं, आणि रिकामा तांब्या पालथा घातला.

त्या दिवसापासून आकारामनं दारूचा थेंब घेतला नाही. गल्लीला नवल वाटलं. धोंडुबाईनं नारळ फोडला. भावकीतले तेच चार शहाणे येऊन चिमणाबाईला सांगून गेले, की बायकांनी उगीच कांगावा करू नये, पुरुष मनात आणलं की सुधारतो. कामावर वेळेत जातो, वेळेत येतो, पाण्याशिवाय काही पीत नाही. पाणी मात्र खूप लागतं. हंडा पुरत नाही. माजघराच्या उंबऱ्याच्या आत तो कधी पाऊल टाकत नाही. सोप्यातच निजतो. ताट वाढलं की खाली मान घालून अदबीनं जेवतो, आणि चिमणाबाईच्या तोंडाकडं बघत नाही.

ती एकदा सासूला म्हणाली, "आत्याबाई, हे त्ये न्हवंत." धोंडुबाई कडाडली, "पीत हुता तवा रडत हुतीस. आता सोडली तरी रडतीस. तुला पायजे तरी काय?"

काय पाहिजे, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिला घोड्यांच्या नकला करणारा पाहिजे होता. वाईट, थरथरणारा, दारूनं भरलेला का असेना, पण तिचा. जो एवढा बुडाला असताना सगळ्या जगानं "काही झालं नाही" म्हणून सांगितलं, आणि जो तिच्याच तोंडच्या शब्दानं बाहेर गेला. ती बिबीजानपाशी बोलली. बिबीजान हसली नाही, की रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "जाताना काय म्हणाला?"

"येतो म्हणाले."

"मग दार लावू नको."

म्हणून चिमणाबाई रोज दिवेलागणीला सोप्याचं दार उघडं ठेवते. कधी गल्लीच्या कोपऱ्यावरून गुळाचा आंबूस वास येतो. उंबऱ्यापर्यंत येतो, थबकतो. ती दुसरा पाट मांडते आणि श्वास धरून उभी राहते.

काल तो वास उंबरा ओलांडून आत आला. दुसऱ्या पाटाशी पोचला. तेवढ्यात मागं, कंदिलाच्या उजेडात, पाणी पिणाऱ्यानं तांब्या पालथा घातला आणि जमिनीकडं बघत हलक्या आवाजात म्हणाला,

"दार लावा की, वैनी. गार वारं येतंय."