झिपरीचा सूड आणि उलटा वारा

"सूर्य पश्चिमेला उगवेल, पण हा अपमान मी विसरणार नाही! सूड घेईन, सूड!" अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर उभी राहून झिपरीने मूठ उगारली.

पिंपाच्या झाकणाला एवढी जड प्रतिज्ञा पेलवली नाही. ते कडकन मोडलं आणि झिपरी डोक्यासकट पाण्यात!

"डोकं थंड झालं असेल तर बाहेर ये," तिचा धाकटा भाऊ ढब्बू म्हणाला.

अपमान साधासुधा नव्हता. मामाच्या गाडीला मेकॅनिकने इंजिन थंड ठेवणारा नवा विजेचा पंखा बसवला, आणि समुद्राच्या वाटेवर अर्ध्यातच गाडी वाफा सोडू लागली. "पोरांनी रेडिएटरच्या जाळीत चिखल कोंबला असणार!" मेकॅनिकने बिनदिक्कत ठोकून दिलं. मामालाही ते पटलं! "उद्या पुन्हा निघू. ही दोघं घरी!"

आत्ता तोच मेकॅनिक गाडीचं इंजिन चालू ठेवून, 'चाचणी चाललीय' म्हणत आत मामाशी गप्पा छाटत होता.

झिपरी धुसफुसत गाडीपुढे बसली. पंखा घरघरू लागला आणि तिचे ओले केस मागे उडाले.

"अरे वा, केस वाळवायची सोय!" ती म्हणाली आणि एकदम थबकली. "ढब्ब्या! पंख्याने हवा आत ओढायची ना? मग मला गरम वारा कसा लागतोय?"

"तुझ्या रागाचा असेल."

"गाढवा, हा बाहेर फुंकतोय! गाडी पळताना समोरचा वारा आत घुसतो, हा त्याला बाहेर ढकलतो. दोघांच्या भांडणात इंजिन शिजतं!"

"मामाऽ!" ढब्बू धावलाच. झिपरीने त्याची कॉलर धरली.

"नुसतं सांगितलं तर सूड कसला? मामीची पावडर आण!"

थोड्याच वेळात मामा आणि मेकॅनिक बाहेर आले.

"काका," झिपरीच्या आवाजातून मध गळत होता, "पंखा निवडायचा कसा हो?"

"सोप्पंय! सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दणदणीत असेल तो उचलायचा!"

"हवा आत ओढतो?"

"हवा? हत्ती ओढेल!"

"मग एवढी पावडर ओढून दाखवा ना!"

मेकॅनिकने ऐटीत वाकून भरली ओंजळ जाळीपुढे धरली. फुस्स! क्षणात तो पांढराशुभ्र! फक्त डोळे तेवढे मिचकत होते.

"चिखल काही बाहेर आला नाही," ढब्बू निरागसपणे म्हणाला.

मेकॅनिकने पंखा ज्यातून आणला ते खोकं उलटसुलट करून त्यावरची सूचना वाचली. "हा... जाळीच्या पुढे बसवायचा, ढकलणारा. आपल्याला मागे बसणारा, ओढणारा हवा होता. बघायचं राहिलं."

"आणि ठपका माझ्या भाचरांवर? आधी माफी मागा!" मामा कडाडला.

मेकॅनिकने माफी मागितली. शब्दागणिक तोंडातून पावडर उडत होती. झिपरीने त्याला ती दोनदा मागायला लावली. पहिली नीट ऐकू आली नव्हती म्हणे.

"शाब्बास, पोरांनो! चुकलो मी," मामाने दोघांच्या पाठी थोपटल्या. "आजच पंखा बदलून घेतो. उद्या तुम्हाला घेऊनच निघायचं! आणखी काय हवं, झिपरे? माग!"

पाना घेऊन वाकलेला मेकॅनिक धास्तावून थांबला.

"मामा," झिपरी पुन्हा गाडीपुढे बसत म्हणाली, "पंखा एवढ्यात काढू नका ना. मागचे केस अजून ओलेच आहेत."