सायकलवाल्या ताईंची हरकत

उद्यानातल्या मोकळ्या जागेत सगळ्यांसाठी भाजीबाग करायची, म्हणून लोकांचं म्हणणं ऐकायला सभा होती. मी भांडायला निघाले होते. कारण त्याच सपाट तुकड्यावर मी मोठ्या बायकांना सायकल शिकवते. साठीला टेकलेली माझी आईसुद्धा तिथेच शिकत होती. वाफे आले की आमचा वर्ग बंद!

हॉलच्या दारात टेबल टाकून कारकूनकाका प्रत्येकाला “बागेला हरकत?” असं विचारून लिहून घेत होते. त्यांनी मला विचारलं, तेवढ्यात एक लांबलचक गुंडाळी माझ्या खांद्यावर आपटली.

“सॉरी, सॉरी... नकाशा आहे. आधी मी आत जाऊ?”

नकाशा वाकडा, पण डोळे सरळ माझ्याकडे.

“हरकत नाही,” मी म्हणाले. इतका गोड आवाज कुठून आला, कुणास ठाऊक!

सभेत काकांनी वाचून दाखवलं, “सायकलवाल्या ताई — हरकत नाही.”

मी उडालेच. “काका, ते मी यांना म्हणाले! वाट दिली हो त्यांना!”

हॉलभर हशा. शेजारी बसलेल्या आईने कपाळाला हात लावला. आणि नकाशावाला? शहरातले सायकलचे रस्ते आखणाऱ्या त्यानेच बागेचा आराखडाही केलेला! कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, “काका, ताईंची हरकत लिहून—”

“मला ताई म्हणू नका!” मी फाडकन बोलले... आणि स्वतःच चपापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोजायची टेप घेऊन उद्यानात हजर. “सायकल वळवायला जागा किती लागते?”

“चालवून बघा की.”

“मला... येत नाही.”

मी बघतच राहिले. शहरभर सायकलचे रस्ते आखणारा माणूस!

“आखायला पट्टी लागते,” तो पुटपुटला, “सायकल नाही.”

मग रोज सकाळी तो शिकायला यायला लागला. एकदा पाऊस भुरभुरत होता. तो पुढे डगमगत, मी सीट धरून मागे धावत.

“सोडू नका हं...”

“केव्हाच सोडलंय!”

त्या धक्क्यानेच तो डबक्यात पडला. चिखलातून वर माझ्याकडे बघून हसला. आई हळूच म्हणाली, “पडला तो, लाल तू का झालीस?”

पुढच्या सभेत त्याने नवा नकाशा उलगडला. वाफे सगळे कुंपणाच्या कडेने, मधला तुकडा सायकलींना मोकळा. मला रडूच आलं. वर्ग वाचला होता.

“आता कुणाची हरकत?” त्याने विचारलं. एकही हात वर नाही. माइक बंद आहे असं समजून तो माझ्याकडे वाकला, “आणि माझ्याबद्दल... जन्मभरासाठी... तुमची काही हरकत?”

हॉलभर घुमलं ते. सगळ्या माना वळल्या. तो पांढराफटक.

“थांबा,” काकांनी पेन सरसावलं, “या वेळी नीट ऐकूनच लिहितो.”

मी माइक ओढला.

“हरकत आहे.”

त्याचा चेहरा पडला.

“हे ‘तुम्ही, तुम्ही’ करायला हरकत आहे. बाकी...” मी त्याच्याकडे बघितलं, “लिहा काका. काही हरकत नाही.”