बासष्टावा दिवस

मोलेफीने लिनेओकडे पहिल्यांदा मागितली ती काडेपेटी. माफेटेंग गावच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर ती पिठाचे गोळे तळत होती, आणि तो छातीच्या रुग्णांच्या रांगेतून सटकून आला होता.

"काडी आहे का, बाई?"

"आहे. पण स्टोव्हसाठी. त्या रांगेतल्या माणसाच्या सिगारेटसाठी नाही."

तो हसला, आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेना, तेव्हा तिने पाण्याचा पेला पुढे केला. तिचे वडीलही असेच खोकायचे. सोन्याच्या खाणीतली धूळ छातीत घेऊन परतले आणि दोन हिवाळ्यांत गेले.

आठवड्याने तो पुन्हा आला. "सोडली मी सिगारेट."

"कधी?"

"काल."

"मग अजून सोडली नाही... ओढायला विसरलात."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. सिगारेटविना गेलेले दिवस मोजून सांगायचा, ती गरम गोळा हातावर ठेवायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा बोचरं वारं सुटलं, तेव्हा त्याने आपली घोंगडी तिच्या खांद्यांवर टाकली. घोंगडीला धुराचा वास नव्हता. लिनेओने ती जरा जास्तच घट्ट लपेटली.

एकसष्टाव्या दिवशी ह्लालेले वारला. खाणीत मोलेफीच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा, छातीच्या त्याच आजाराने. बासष्टाव्या दिवशी मोलेफी आला नाही. त्यापुढचे पाच दिवसही नाही.

सहाव्या दिवशी लिनेओने स्टोव्ह विझवला आणि टेकडी चढून त्याच्या खोलीशी गेली. तो उंबऱ्यावर बसला होता. पायाशी थोटकं पडली होती.

"ह्लालेलेला मातीत ठेवलं आणि कुणीतरी एक हातात दिली," तो खाली बघत म्हणाला. "मग पाकीटच घेतलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फुप्फुसं भरून येणार नाहीत. ओढली तर लवकर, नाही ओढली तर... थोडं उशिरा."

तिला रडू आलं, तेही वडिलांच्या वेळचं राहून गेलेलं. मग ती त्याच्याशेजारी टेकली.

"ते थोडं उशिरा मला हवंय, मोलेफी."

त्याने खिशातलं पाकीट काढलं, उरलेल्या सिगारेटी एकेक करून मोडल्या.

"उद्याचा शब्द देत नाही. आज नाही ओढणार."

"बरं. उद्या विचारायला येईन."

"रोज येशील?"

लिनेओने खाली उतरणाऱ्या पायवाटेकडे पाहिलं.

"चढ फार आहे रे," ती म्हणाली. "इथेच राहिले तर बरं पडेल."