बीडलॉक नको, सर!

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरलं की चादरींच्या लूमचा खडखडाट कानात बसतो तो बसतोच. त्या खडखडाटाला लागूनच रेवणप्पांचं टायरचं दुकान. डिसेंबरातली सकाळ होती, ऊन कोवळं होतं, आणि रेवणप्पांची लेक सृष्टी ट्रकच्या आडव्या टायरवर चढून, टॉमीच्या लोखंडी दांड्यावर सगळा भार टाकून त्याची कड रिममधून सोडवत होती. अशात एक जुनी हिरवी जीप दारात येऊन थांबली.

जीपमधून उतरलेला तरुण तिच्याकडं बघत राहिला. टायर सुटला, सृष्टी टुणकन खाली उतरली, तरी हा आपला बघतोच आहे!

"काय बघायलाव?" तिनं हात पुसत विचारलं.

"अं... मालक आहेत का?"

"आप्पा न्याहारीला गेलेत. मालकाची मुलगी चालंल?"

"चालेल की... म्हणजे, उत्तम चालेल," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव सुबोध. मूळ माढ्याचा, सोलापुरातल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक. आठवडाभर वर्तुळं आणि त्रिकोण शिकवायचे आणि रविवारी ही जीप घेऊन दगडधोंड्यांत घुसायचं, हे त्याचं वेड. त्याला बीडलॉकची चाकं मागवायची होती. महिन्याभरानं माढ्याजवळच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जीपवाल्यांची शर्यत होती, आणि त्या जीपवाल्यांतल्या नातेपुत्याच्या दिग्विजयनं सगळ्यांना बजावलं होतं की बीडलॉक नसेल त्यानं खाणीत पाऊलच टाकू नये.

"हवा किती ठेवताव?" सृष्टीनं विचारलं.

"अठ्ठावीस पौंड."

"दगडातपण?"

"व्हय. का?"

सृष्टी अशी खळखळून हसली की शेजारच्या लूमवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. मग तिनं त्याला समजावलं. बीडलॉक म्हणजे चाकाला बाहेरून लावलेली एक जाड लोखंडी कडी. वीस-पंचवीस बोल्ट आवळून ती टायरची कड रिमवर दाबून धरते. ज्याला हवा सहा-सातवर आणायची आहे, त्याला ती हवीच, नाहीतर टायर रिममधून निघून येतो. पण कडी जड, बोल्ट पुन्हा पुन्हा आवळायचे, नुसता व्याप!

"तुमी तर अठ्ठावीसच्या खालीच कधी उतरला नाहीत. आधी पंधरावर उतरून बघा. टायर जरा पसरतो, दगडाला धरतो. पंधरालाच काय, बाराला पण टायर रिमला सोडत न्हाय. फक्त डांबरीवर यायच्या आधी हवा परत भरायची, ते विसरायचं न्हाय. बीडलॉक नको, सर!"

"मी सर आहे हे कुणी सांगितलं?"

"खिशावर खडूची पूड हाय की," ती म्हणाली.

तिनं खिशातून स्वतःचा खडू काढला. हा जाडा पिवळा खडू गिरणीतला, चादरीच्या ताग्यांवर खुणा करायचा. चारही चाकांवर तिनं एकेक रेघ ओढली, अर्धी टायरवर, अर्धी रिमवर. टायर रिममध्ये जरासा जरी सरकला तर रेघेची दोन टोकं एकमेकांना सोडणार. ही तिच्या आजोबांपासून चालत आलेली पद्धत, पण रेघ इतकी सरळ मात्र फक्त सृष्टीच ओढायची.

"रविवारी खाणीत चालवा, मग मला रेघ दाखवायला या. रेघ तुटली तर मी स्वतः कड्या मागवून देते."

"आणि नाही तुटली तर?"

"तरीपण या," ती बोलून गेली, आणि मग उगाच टॉमी शोधायला लागली. टॉमी तिच्या हातातच होती.

सुबोध आला. पहिल्या रविवारी संध्याकाळी आला, रेघा शाबूत. दुसऱ्या रविवारी आला तो माढ्याच्या शेतातला कोवळा हुरडा घेऊन. "हे रेघेसाठी," म्हणाला. आता रेघ हुरडा खाते का? रेवणप्पांनी मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि मिशीत हसले. "बर्री मास्तर, बर्री! या, या! ट्रकवालेसुदिक इतक्या वेळा येत नाहीत बघा आमच्याकडं!"

तिसऱ्या रविवारी कुर्डुवाडीला टायर पोचवायचे होते. परतताना सृष्टीनं आप्पांना म्हटलं, खाण वाटेतच आहे की. वाट जरा वाकडीच करावी लागत होती, पण आप्पा काही बोलले नाहीत. खाणीच्या काठावर उभी राहून तिनं पहिल्यांदा त्याला जीप चालवताना बघितलं. बाकीचे गडी इंजिन ओरडवत दगडांवर धडका मारत होते. सुबोध मात्र काच खाली करून, मान बाहेर काढून, एकेक चाक अलगद दगडावर ठेवत होता. गाडीला तो हाणत नव्हता, विचारत होता... इथं ठेवू का, इथं बरं वाटतंय का? हा माणूस आपल्याला लई आवडतो, हे तिला त्या धुळीत उभ्या उभ्या स्वच्छ कळलं.

तिथंच दिग्विजय भेटला. त्याची काळी जीप म्हणजे देखणं प्रकरण, चारही चाकांवर बीडलॉकच्या कड्या नुसत्या लखलखत होत्या. स्वभावानं मोकळा, पण बोलायला सुटला की सुटला.

"काय ताई, मास्तरला बिनकडीचं खाणीत पाठवायलाव म्हणं? शर्यतीत टायर निघून हातात आला तर?"

आठ-दहा जीपवाले कान टवकारून उभे होते. सृष्टीनं त्याच्या चाकाचा एक बोल्ट बोटांनीच फिरवला. तो फिरला! "हे कवा आवळले होते, दादा?" सगळे हसले. मग ती शांतपणे म्हणाली, "मास्तरांचा टायर निघाला तर त्या दिवसापासून आमच्या दुकानात मी कुणाला सल्ला देणार न्हाय. आप्पा देतील. मी नुसती हवा भरीन."

आप्पांचा चेहरा उतरला. गेली चार वर्षं गिऱ्हाइकं 'पोरीला विचारा' म्हणून यायला लागली होती. तिची ती कमाई होती, आणि ती तिनं एका हिरव्या जीपच्या चार चाकांवर लावून टाकली होती.

शर्यतीच्या आदल्या रविवारी सुबोध आला, पण जीपमधून लवकर उतरेना. सृष्टी चाकांपाशी उकिडवी बसली. मागची दोन ठीक. पुढचं उजवं ठीक. पुढच्या डाव्याशी ती थबकली. धुळीनं माखलेली रेघ जागेवर होती, सरळ होती, पट्टी लावून ओढावी इतकी सरळ. तिनं त्यावर बोट फिरवलं. बोटावर पांढरी पूड आली.

"ही रेघ माझी न्हाय."

सुबोधनं मान खाली घातली. "चढावर गाडी घसरायला लागली. मी घाबरलो... आणि हवा आठवर आणली. रेघ चार बोटं सरकली. वाटलं, तुमचा शब्द पडेल. म्हणून पुसून पुन्हा ओढली."

"शाळेच्या खडूनं?"

"...आणि पट्टीनं."

दुसरा दिवस असता तर ती हसून लोळली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा शब्द पडला असता तर पडला असता! मी उद्यापासून गप हवा भरली असती. पण मी हीच रेघ बघून तुमाला खाणीत सोडणार होते. परत आठवर गेला असतात आणि चढावर टायर निघाला असता, गाडी उलटली असती, तर? कळतंय का काही, मास्तर?"

"मला वाटलं... तुम्ही जिंकायला हव्यात."

"मला न्हाय खोटं जिंकायचं! मला तुमी धड पायजेत!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. लूम खडखडत होते. आप्पांनी नको असलेला एक टायर उचलला आणि तो घेऊन मागच्या खोलीत गेले.

सृष्टीनं ओढणीनं डोळे पुसले आणि चारही रेघा फडक्यानं साफ करून नव्यानं ओढल्या. "आठला कडी लागतेच, ते मी आधीच बोलले होते. पण तुमाला आठ लागते का, हे बघायला मी येणार. शर्यतीत शेजारी एक माणूस बसवता येतो ना? मी बसणार. हवा मी ठरवणार."

"आणि मी?"

"तुमी घाबरायचं, पण मला सांगून," ती म्हणाली.

शर्यतीच्या सकाळी खाणीत धुरळा नुसता उसळत होता. दिग्विजयची काळी जीप हवा सहावर आणून कमरेइतक्या दगडी पायरीवर चढली तेव्हा सृष्टीनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. बोल्ट त्यानं आवळून आणले होते. असल्या पायऱ्या चढणाऱ्याला बीडलॉक हवंच, खरं ते खरं.

हिरवी जीप निघाली बारावर. पायरीला वळसा घालून जाणाऱ्या लांबच्या वाटेनं दगड ओलांडले, आणि मागच्या वेळी गाडी घसरली होती त्याच मुरमाड चढाच्या मध्यावर मागची चाकं जागीच फिरायला लागली. काठावरून कुणीतरी ओरडलं, "हवा सोडा, मास्तर!" सुबोधच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात दाराकडं गेला... आणि थांबला.

"सृष्टी, मला भीती वाटतेय."

"माझाबी जीव वर आलाय," ती म्हणाली. "हवा हाय तेवढी बास. पाय उचला. अजून... अजून थोडा. आता डावीकडं, त्या चपट्या दगडावर. त्या दिवशी ठेवत होताव ना, तसं ठेवा."

त्यानं पाय उचलला. इंजिनचा आवाज मऊ झाला, चाकं फिरायची थांबली, डावं चाक चपट्या दगडावर गेलं आणि त्यानं दगड धरला. मग दुसरं. जीप हळूहळू, कुरकुरत, पण न घसरता वर आली.

सगळे जीपवाले चाकांपाशी धावले. दिग्विजय नव्या कोऱ्या पँटवर धुळीत गुडघे टेकून बसला आणि चारही रेघांवरून त्यानं बोट फिरवलं. पिवळ्या, अखंड! "ताई," तो उठत म्हणाला, "रविवारी तुमच्या दुकानापुढं माझीपण हिरवीच्या मागं लावतो. हवा किती ठेवायची तेवढं तुमीच सांगा." सृष्टीनं शर्यत बघायला आलेल्या आप्पांकडं बघितलं. आप्पा उपरण्यानं चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते.

सुबोधचा नंबर आला पाचवा. त्याला त्याचं काही नव्हतं. गर्दी पांगल्यावर दोघं चढाच्या माथ्यावर जीपला टेकून उभे राहिले. सृष्टीनं हात पुढं करून त्याच्या खिशातला पांढरा खडू काढून घेतला.

"हा शाळेतच ठेवायचा. इथून पुढं रेघ सरकली तर सरकली म्हणून सांगायचं. पुसायची न्हाय."

"नाही पुसणार."

"शब्द?"

"शब्द." तो जरा थांबला. त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मग एक सांगून टाकतो... सरकली आहे."

"कुठली? आत्ताच तर चारी बघितल्या!"

"माझी. पहिल्याच दिवशी. तुम्ही टायरवर उभ्या होतात ना... तेव्हाच."

सृष्टीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "किती सरकली?"

"मोजता येत नाही."

"गणिताचे ना तुमी?"

"म्हणूनच सांगतोय."

खाली आप्पा टेम्पोचा हॉर्न वाजवत होते. सृष्टीनं त्यांना हात केला, येते म्हणून, आणि तोच हात खाली आणताना सुबोधच्या हातात ठेवला. तळव्यावर अजून पिवळा खडू होता.

"माझीपण सरकलीय," ती म्हणाली. "त्या रविवारी. वाट वाकडी करून आले होते ना, तवा."