एन्टर दाबण्याआधी

सांगलीच्या एस.टी. स्टँडबाहेर कॉलेजकडं निघालेल्या माणशी भाड्यानं चालणाऱ्या वडापच्या जीपमध्ये एकच जागा उरली होती, आणि ती पकडायला आम्ही दोघं एकदमच वाकलो. कपाळावर कपाळ आपटलं.

"आवं... लागलं का लय?"

"लागलं," मी कपाळ चोळत म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

तो एवढा ओशाळला, की जागा मला देऊन स्वतः मागच्या फळीवर उभा राहिला, वरची दांडी धरून. एप्रिल संपत आला होता. सकाळीच ऊन असं तापलेलं, की जीपच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्याच्या काखेत प्लास्टिकची फाइल होती. अगदी माझ्यासारखीच.

"कॉलेजला निघालाय?" वाकून त्यानं विचारलं.

"हो."

"कम्प्युटर लॅबच्या इंटरव्ह्यूला?"

मी चमकून वर पाहिलं. "तुम्हीही?"

"व्हय." त्यानं माझी फाइल पाहिली. मग म्हणाला, "एकच जागा हाय म्हणं."

"एकच."

"आन ती तर आत्ताच दिली की मी तुमाला!"

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

त्याचं नाव धैर्यशील. इस्लामपूरजवळच्या खेड्यातला, बी.एस्सी. झालेला. मी ज्ञानदा, साताऱ्याची. दोन वर्षं मी तिथल्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची, म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी क्लासच्या जुन्या मशीनवर घालून मी ते सगळं एकटीनं शिकले होते. मार्चमध्ये क्लास बंद पडला. बाबांनी, म्हणजे विष्णुपंतांनी, ओळखीतून औंधच्या शाळेत माझी सोयही करून टाकली होती. "जूनमध्ये रुजू व्हायचं," ते म्हणाले होते. मी एवढंच मागून घेतलं होतं, की त्याआधी हा एक इंटरव्ह्यू देऊ द्या. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात या कॉलेजशिवाय लिनक्सवर शेकडो मुलांची खाती चालवणारं दुसरं ठिकाण निदान मला तरी ठाऊक नव्हतं.

कॉलेजात मात्र दुपार झाली तरी कुणी हाक मारेना. लॅबच्या खिडक्यांना शेवटच्या वर्षाची मुलं-मुली चिकटलेली, चेहरे उतरलेले. अखेर विभागप्रमुख पाटणे सर बाहेर आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"लिनक्स स्वतः चालवलेलं आहे असं कोण कोण आहे?"

उमेदवार बरेच होते. हात दोनच वर गेले.

सर आम्हाला आत घेऊन गेले. काल संध्याकाळी त्यांनी मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती, आणि तेव्हापासून एकाही मुलाला आत शिरता येत नव्हतं. नाव टाकलं, की मशीन ओळख देत नव्हतं. सगळ्यांची प्रोजेक्ट्स त्याच्या पोटात, आणि उद्या सकाळी बाहेरून परीक्षक येणार.

"इंटरव्ह्यू राहू द्या," सर म्हणाले. "हे चालू करेल त्याला मी नोकरीची ऑर्डर देतो. आळीपाळीनं बसा."

मशीन एक, कीबोर्ड एक.

"खरं तर तुमाला आधी बसवायला पायजे," धैर्यशील माझ्या कानाशी पुटपुटला. "पर मलाबी नोकरी पायजे."

"मग नाणं उडवा."

नाणं त्याच्या बाजूनं पडलं.

पासवर्ड न विचारता आत घेणारी एक वाट लिनक्समध्ये असते. मशीन बंद करून पुन्हा चालू करताना तो त्या वाटेनं आत शिरला. बोटं चपळ होती त्याची. पडद्यावरून अक्षरं सरकत असताना मी हळूच विचारलं, "तुम्हाला एवढी का हवी ही नोकरी?"

"सोमवारी बेळगावला मिलिटरीची भरती हाय. वडील सुभेदार व्हते. आज हितं जमलं न्हाई तर सोमवारी पळायचं, असा शब्द दिलाय त्यांना."

"पळायची भीती वाटते?"

"पळायची न्हाई वो." त्यानं मशीनच्या डबड्यावर तळवा ठेवला. "ह्ये सुटंल, त्याची वाटती."

समोरचा माणूस नुसता उमेदवार असतो तोवर बरं असतं.

दुखणं लवकरच सापडलं. ज्या फाइलीत सगळ्या मुलांची नावं नोंदलेली असतात, तिच्यात एकाही मुलाचं नाव नव्हतं. मशीनची स्वतःची चार-दोन खाती, बस. नवी आवृत्ती चढवताना मशीननं जुनी फाइल जपली होती आणि स्वतःची कोरी फाइल वेगळ्या नावानं शेजारी ठेवली होती. कुणीतरी ती कोरीच जुनीच्या जागी बसवली होती.

"ते... मी केलं," पाटणे सर खाली बघत म्हणाले. "नवी आहे म्हणजे तीच हवी, असं वाटलं मला."

धैर्यशीलनं प्रोजेक्टचा फोल्डर उघडला. फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या. पण फाइल कुणाची, ते सांगणाऱ्या रकान्यात नावांऐवजी नुसते आकडे. ५१२. ५३८. पुन्हा ५१२. ५७१.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"मशीनला माणसं आकड्यांनीच कळतात, सर," मी म्हटलं. "५१२ म्हणजे कोण, हे त्या फाइलीत होतं. फाइल गेली, आकडे राहिले."

तेवढ्यात खोलीत अंधारून आलं. मिरजेच्या बाजूनं ढग चढले होते. वळवाचा पहिला वारा आला आणि लॅबची दारं धडाधड आपटली. पंखा थांबला. लाइट गेले. टेबलाखाली यूपीएस ओरडायला लागला... टीं... टीं... टीं...

"दहा मिनिटं टिकेल फार तर!" सरांचा आवाज चिरकला. "लवकर करा काहीतरी!"

"करतो," धैर्यशील म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीला पुसला. "सगळ्या फायली आधी मशीनच्या मालकाच्या नावावर घेतो. मग खाती नव्यानं काढतो, आन ज्याच्या त्याला वाटून देतो."

त्यानं एक ओळ लिहिली. लहानशीच. त्याचं बोट एन्टरकडं निघालं...

पाळी त्याची होती. मी गप्प बसायचं होतं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी त्याचं मनगट गच्च धरलं होतं, एवढंच खरं.

"सोडा! बॅटरी चाललीया!"

"वाटून देणार कशावरून?"

"म्हंजी?"

"सगळ्या फाइली एकाच नावावर घेतल्या, की हे आकडे पुसले जाणार. मग कुठली फाइल कुणाची, ते कोण सांगणार तुम्हाला? आता तेवढेच आकडे उरलेत, धैर्यशील!"

यूपीएस आणखी घाईनं ओरडायला लागला. माझ्या बोटांखाली त्याची नाडी धडधडत होती. त्यानं पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं... आणि बराच वेळ माझ्याकडंच.

मग दुसऱ्या हातानं एकेक अक्षर मागं घेत त्यानं ती ओळ पुसली.

"बाप रं," तो म्हणाला. "सगळी पोरं बुडाली असती माझ्यापायी."

"आधी मशीन नीट बंद करा."

त्यानं ते बंद केलं. पाठोपाठ यूपीएसनंही मान टाकली. बाहेर टपोऱ्या गारा सायकलस्टँडच्या पत्र्यावर तडतडायला लागल्या. सर खिडक्या लावायला पुढच्या खोलीकडं धावले. अंधारात आम्ही दोघंच.

"ज्ञानदा..." तो हळूच म्हणाला.

"काय?"

"हात सोडा की आता. न्हाई म्हंजी... न्हाई सोडला तरी चालंल."

मी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. अंधार होता, ते बरं झालं.

"तुमची पाळी संपली," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं.

"संपली. बसा. मला सांगा, म्हंजी मी वाचून दाखवतो."

"मला मदत कशाला? मी तर तुमची वाट अडवणार."

"अडवली की मघाशीच." तो हसत असावा. "बरं झालं अडवली."

लाइट यायला तासभर लागला असेल. पाऊस निवळला होता. मी खुर्चीत बसले, तो शेजारी स्टुलावर. मशीनवर प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक फोल्डर होता, त्याला मुलाचंच नाव होतं, आणि त्या फोल्डरवरही मालकाचा आकडा होता. नाव आणि आकडा तिथं एका जागी सापडत होते. मी फक्त त्यांची गाठ घालायची होती.

तो वाचायचा, मी लिहायचे. एका ओळीत एक मुलगा. एखादा आकडा चुकला, तर एकाचं प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर जाणार. त्यामुळं प्रत्येक ओळ मी परत म्हणायचे आणि तो "बरोबर" म्हणायचा. मान अवघडली. घसा सुकला. सरांनी पाठवलेला चहा तसाच निवून गेला. एकदा त्याचा "बरोबर" आलाच नाही. वळून पाहिलं, तर तो पडद्याकडं बघतच नव्हता.

"लक्ष कुठंय?"

"हाय की लक्ष," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

शेवटी सगळ्यांना नवे पासवर्ड लावले आणि खिडकीतल्या पहिल्या मुलीला आत बोलावलं. तिनं नाव टाकलं. पासवर्ड टाकला. पडदा काळाच... धैर्यशीलनं स्टुलाची कड घट्ट धरलेली मला दिसली. मग ओळ आली. मशीननं तिला तिच्या नावानं आत घेतलं. तिनं तिचं प्रोजेक्ट उघडलं आणि तोंडावर ओढणी धरून रडायलाच लागली. खिडकीबाहेर एकच गलका झाला.

पाटणे सरांनी आम्हाला केबिनमध्ये नेलं आणि धैर्यशीलचा हात हातात घेतला.

"अभिनंदन. तुम्हीच रुजू व्हा. तुम्ही जवळचे. या बाईंना रोज साताऱ्याहून कसं जमणार? शिवाय दुखणं तुम्हीच शोधलंत."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सर," धैर्यशील म्हणाला, "लाइट गेल्यावर तुमी माझ्यामागंच हुता. हात कुणी धरला माझा?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी एन्टर दाबलं असतं, तर उद्या परीक्षकांना दाखवायला कायबी उरलं नसतं. दुखणं मी शोधलं, पर औषध म्हणून विष देत व्हतो. ऑर्डर ह्यांच्या नावानं काढा."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय, सर."

ऑर्डर माझ्या नावानं निघाली. ती हातात घेताना जो आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण दारातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या पाठीकडं बघताना तो पुरा होईना.

साताऱ्याची गाडी इस्लामपूरवरूनच जाते. त्यामुळं परतीला आम्ही एकाच बाकावर आलो. रस्ता ओला, दोन्हीकडं उसाची पाती वाऱ्यानं झोपलेली. आष्टा मागं पडलं.

"पस्तावताय का?" अखेर मीच विचारलं.

"न्हाई." फाइल मांडीवर घेत तो म्हणाला, "वडलांना काय सांगायचं, त्ये जुळवतोय मनात. स्टँडवर न्यायला येणार हायती."

"खरं ते सांगा."

"खरं सांगितलं तर म्हणतील, पोरगं हातातली नोकरी दुसऱ्याला देऊन आलं. आन का दिली त्ये मला नीट सांगता यायचं न्हाई." तो खिडकीबाहेर बघत होता. "नुसत्या त्या एन्टरपायी दिली असं बी न्हाई ना..."

तो वाक्य पुरं करील म्हणून मी वाट पाहिली. त्यानं केलं नाही. इस्लामपूरचं स्टँड आलं, तो उठला. "येतो," म्हणाला. पायऱ्या उतरला.

कंडक्टरनं घंटी ओढायला हात वर केला, आणि मी ओरडले, "थांबा! उतरायचंय!"

स्टँडच्या खांबाशी पांढऱ्या टोपीतले, ताठ कण्याचे एक गृहस्थ उभे होते. तेच धैर्यशीलचे वडील, सुभेदार तात्याबा. मिशा पांढऱ्या, नजर धारेची. धैर्यशीलनं मला मागून येताना पाहिलं आणि जागीच थांबला.

"काय झालं रं?" तात्याबांनी त्याला विचारलं.

"नोकरी मला मिळाली," मी मध्येच म्हटलं. "म्हणजे आधी सरांनी यांनाच देऊ केली होती. यांनी खरं सांगितलं, म्हणून माझ्याकडं आली. हे स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते आहे."

पुढं मी सगळं सांगितलं. आकडे, लाइट जाणं, सगळं. मनगटाचं मात्र "मी यांना थांबवलं" एवढ्यावर भागवलं. तात्याबा ऐकत राहिले. मी थांबल्यावर त्यांनी मुलाला आपादमस्तक पाहिलं.

"खोटं बोलून आणली असती, तर पायताण घेतलं असतं मी हातात," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ती तुमची गाडी गेली न्हवं? साताऱ्याची?"

"हो."

"एवढं सांगायला उतरलासा?"

मी हातातली फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. तात्याबांनी एकदा मला पाहिलं, एकदा धैर्यशीलला. मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पुढची गाडी कवा हाय, बघून येतो," असं म्हणून ते चौकशीच्या खिडकीकडं गेले. मुद्दाम सावकाश.

"मलाबी त्येच इचारायचंय," धैर्यशील पुटपुटला. "का उतरलासा?"

"तुम्ही उतरलात आणि शेजारची जागा रिकामी झाली." माझा आवाज माझाच वाटेना. "मला ती तशी बघवेना."

स्टँडवरच्या दिव्यांभोवती पावसानंतरची पाखरं घोंगावत होती. कुठलीशी गाडी चिखल उडवत मागं सरकली.

"सोमवारी मला पळायलाच लागंल, ज्ञानदा," अखेर तो म्हणाला. "शब्द दिलाय. निवडलो तर वर्ष-दीड वर्ष कुठं असंन, ठावं न्हाई. तुमाला थांबा म्हणायचा हक्क न्हाई माझा, पर..."

"पर काय?"

"थांबाल?"

डोळे भरून येत होते, आणि मी हसत होते.

"पुढची सव्वासातला!" चौकशीच्या खिडकीपासूनच तात्याबा मोठ्यानं म्हणाले. "तवर चहा घ्या दोघं. मी हितंच हाय."

"व्हय," मी म्हटलं.

धैर्यशीलला कळेना, की मी उत्तर कुणाला दिलं. म्हणून मी त्याच्याकडं बघत परत एकदा म्हटलं, "व्हय. थांबेन."