डिंकाची चव

समुद्रावरून असा वारा सुटला होता की सभागृहाच्या काचा थडथडत होत्या. जानेवारीत झँडवेर्फ गावात दुसरं असतं काय? वाळू, वारा, वाटाण्याचं घट्ट सूप आणि बुद्धिबळ. जगातले चौदा बडे खेळाडू दरवर्षी येतात, थंडीला शिव्या घालतात आणि पुढच्या वर्षी मुकाट्यानं परत येतात.

फेमके ब्राउन्स्मा या स्पर्धेचा इतिहास लिहीत होती. इतिहास नावाला, खरं कारण तिचा बाप. श्युर्ड ब्राउन्स्मा इथले मुख्य पंच होते. तेव्हा डाव अर्धवट राहिला की खेळाडूनं पुढची खेळी कागदावर लिहायची, पंचांनी ती पाकिटात घालायची, तोंडाचा डिंक जिभेनं ओला करून पाकीट चिकटवायचं, तोंडावर सही करायची, पेटीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर फोडायचं. एकाहत्तर साली अशी एक खेळी प्रतिस्पर्ध्याला आदल्या दिवशीच कळली. "किल्ली तुमच्याकडेच होती ना?" एवढंच कुणीतरी विचारलं आणि माणूस आयुष्यातून उठला. मरेपर्यंत म्हणायचा, "मी नाही गं फोडलं. पण जिभेवरची ही डिंकाची चव काही जात नाही."

बापावरचा हा डाग तिला पुसायचा होता.

सभागृहाचा रखवालदार वुब्बे, तोच सूपही रांधायचा. त्यानं जुनी पत्र्याची पेटी आणून दिली. पाकिटं बंद करायची पद्धत संगणक आल्यावर मोडली, त्याला तीस वर्षं झाली. तरी पेटीत गेल्या वर्षापर्यंतची पाकिटं होती. दर वर्षाचं एक, आत एकच खेळी, आणि तोंडावर बापाची सही. बाप जाऊन बावीस वर्षं झालेली! तिनं पट मांडला. एकाहत्तरचा तो डाव वर्षाला एक खेळी करत अजून चालू होता.

भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. हे कुणातरी जित्या माणसाचंच काम.

"वुब्बेकाका, हे चाळे तुमचे?"

"माझे? अगं, घोडा कसा चालतो ते मला अजून कळलेलं नाही!"

"पेटी तर तुमच्याच ताब्यात असते."

"मग घे की तुझ्या ताब्यात! कुलूपही तुझंच लाव."

यंदाचं पाकीट अजून आलं नव्हतं. तिनं पेटी नीट तपासली, दुकानातून कोरं कुलूप आणून लावलं, किल्ली गळ्यात घातली. दुपारी बारा वाजता शेवटची फेरी सुरू झाली. पेटी मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली. कॉफीलासुद्धा उठली नाही. वुब्बेवर नजर ठेवून होती. तो आपला पातेल्यापाशी.

सहा वाजता टाळ्या झाल्या. सुपाच्या वाट्या फिरू लागल्या.

"आता उघड बघू," वुब्बे म्हणाला.

तिनं कुलूप काढलं.

वरच एक पाकीट होतं. यंदाचं. डिंक अजून ओला.

सही बापाची नव्हती. 'फ'चं ते वाकडं शेपूट ती स्वतःच्या सहीत रोज काढायची.

वुब्बेनं हात पुसले. तिच्याकडे बघितलं, मग गळ्यातल्या किल्लीकडे.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना, पोरी?"

तिनं घाईनं सुपाचा घोट घेतला. वाटाणा लागेना. मीठ लागेना.

लागला तो फक्त डिंक.